साक्षीला पाल

"आता हे तुम्हाला कुणालाच खरं वाटणार नाही, पण माझ्या घरात अमेरिकेची पाल होती," मी म्हणालो, आणि इसाकभाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

शेजारचे इसाकभाई आणि बिलकिसभाभी मालेगावचं लग्न आटोपून कालच परतले होते. मागे आमच्याकडे काय घडलं, ते त्यांना ऐकायचं होतं. माझी बायको मंगला उंबऱ्याशी मेथी निवडत होती. दोन दिवस दवाखान्यात राहून आल्यामुळे जरा उतरलेली दिसत होती.

पाल म्हणजे काय, तर आमचा मयूर अमेरिकेहून आला तेव्हा त्याने न्हाणीघराबाहेर भिंतीवर एक पांढरी डबी लावली. त्याला आमच्या गॅस गिझरची भीती. "बाबा, याच्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. साठला की ही डबी ओरडेल. लगेच दारं-खिडक्या उघडा." मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्मभर मीटर वाचले, आणि हा मला शिकवतो! मी नुसती मान हलवली. सेल संपत आले की डबी अधूनमधून 'चुक्' करते, हेही त्याने सांगितलं असणार. माझं लक्ष नव्हतं.

यंदा थंडी पडली आणि डबी चुकचुकायला लागली. मंगला दर वेळी जमिनीवर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायची. मी स्टुलावर चढून टॉर्च मारला, काठीने भिंत ठोकली. पाल काही दिसेना. बिलकिसभाभींनी अंड्यांची टरफलं दिली होती, तीही टांगली.

"मग? पळाली ना?" भाभींनी विचारलं.

"पळते कसली! टरफलं उबवायला बसली."

मग मला गंमत सुचली. पाल चुकचुकली की आधीचं बोलणं खरं, असं मंगलाचं ठाम मत. मी म्हटलं, लासलगावच्या बाजारात एवढा मोठा कांदा पाहिला की त्यावर दोन हमाल बसून जेवत होते. चुक्! "कृष्ण कृष्ण," मंगला म्हणाली. मी म्हटलं, एकलहऱ्याच्या चिमणीवर चढून मी वणीच्या देवीला नमस्कार केलाय. चुक्! उभ्या जन्मात असा साक्षीदार मिळाला नव्हता.

एका सकाळी मंगला न्हाऊन आली ती भिंत धरूनच. "अहो, आत डोकं गरगरतंय. मळमळतंय."

गार वारा येऊ नये म्हणून न्हाणीघराच्या झरोक्यावर मीच पुठ्ठा ठोकला होता. ते काही डोक्यात आलं नाही. मी भिंतीकडे कान लावला. पाल गप्प.

"पाल बोलली नाही," मी म्हटलं. "म्हणजे खोटं."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली. पाल तेव्हाही गप्प.

"तौबा! काय माणूस आहे हो," बिलकिसभाभी म्हणाल्या.

"पुढे तर ऐका. शनिवारी ती आत गेली आणि थोड्या वेळाने डबीने असा टाहो फोडला की देवळालीच्या तोफा लाजतील! आत बादली घरंगळली. मी हाक मारली, उत्तर नाही. तेव्हा कुठे मयूरचं बोलणं आठवलं. पण सागवानी दार, इसाकभाई, आणि आतून कडी! मागे सरलो, धावत आलो आणि एका धडकेत कडीसकट दार आडवं! हिला उचलून ओसरीत आणलं, तेव्हा हिचा श्वास नीट सुरू झाला."

"या वयात? कमाल केली यादवभाऊ!" इसाकभाई मला म्हणाले.

मंगलाने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"कडी लावलीच नव्हती मी," ती बिलकिसभाभींना म्हणाली. "माझं कुणाला खरं वाटेना, म्हणून रोज नुसतं दार लोटून न्हात होते. पडलेच, तर कुणाला तरी आत येता यावं."