उष्टी नळी

तमिळ वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी आली आणि तंजावरच्या तुळजारामांच्या घरात पाणी प्यायच्या प्रत्येक टंबलरवर ज्याचं त्याचं नाव पडलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी एका विषाणूचा संबंध असावा, असं बातमीत होतं. वाचून दाखवताना त्यांनी ‘असावा’ तेवढं वगळलं.

“बघ विनुता, ओठ लावून पिऊ नये हे आपल्यात का होतं, ते विलायतेला आत्ता कळलं.”

त्यांची सून विनुता कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. “मामंजी, तो विषाणू माणसाला नाही, आतड्यातल्या जिवाणूला लागतो. आणि रोग्यांत जास्त सापडला, म्हणून त्यानंच रोग केला असं होत नाही.”

“तुमच्या शास्त्राला सगळ्यातच शंका,” म्हणत त्यांनी वरून धार धरून पाणी प्यायलं.

त्यांना शौचातून रक्त जात होतं, यात मात्र कुणालाच शंका नव्हती. डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासायला सांगितलं होतं. मामंजी तिथंच अडले होते.

“ती नळी आधी कुणाकुणाच्या पोटात जाऊन आली असेल?”

“दरवेळी जंतुनाशकानं धुतात, मामंजी.”

“धुतलं तरी उष्टं ते उष्टंच. विषाणू त्यातूनच यायचा.”

विनुताचा नवरा प्रद्युम्न हसला. “अप्पा, नवी कोरी विकत घ्या. देव्हाऱ्याशेजारी ठेवू.”

सासूबाई सीतालक्ष्मी केळफूल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “दाढ काढली तेव्हा चिमटा सोवळ्यातला होता काय हो? तोंडात चालला. मग त्या टोकालाच एवढं सोवळं कशाला?”

मामंजी म्हणाले, “सकाळचा पहिला नंबर मिळेल काय?”

ते पुन्हा विचारात पडायच्या आत विनुतानं फोन लावला.

तपासणीत एक गाठ दिसली, ती तिथल्या तिथं काढली. कर्करोग नव्हता, पण तशीच राहिली असती तर पुढं झाला असता, असं अहवाल आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं.

“आणि विषाणू?” मामंजींनी विचारलं.

“तो आम्ही शोधलाच नाही,” डॉक्टर म्हणाले. “मुलालाही एकदा तपासून घ्या. अशी गाठ वडिलांना निघाली की मुलांनाही धोका असतो.”

घरी हे ऐकून प्रद्युम्नचं हसू मावळलं. “मला कसलाच त्रास नाही. शिवाय ती नळी आधी अप्पांच्या...”

“बापाचं उष्टं मुलाला चालतं,” मामंजी म्हणाले. “विनुता, लाव फोन.”