टाकीवरचा ससाणा

घरातला अंड्यांचा जुना संग्रह पाहायला आलेल्या संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने पेंढा भरलेल्या पिल्लाची चोच भिंगाखाली धरली. शेजारी कापसावर विटकरी ठिपक्यांचं एक अंडं होतं.

दोघी जावांपैकी धाकटी समोर उभी होती. औषधांच्या दुकानात तिने उभा जन्म काढला. पण तिचा जीव रमायचा तो सुईने पक्ष्यांची अंडी रिकामी करण्यात, चिठ्ठ्या लावून ती कपाटात मांडण्यात. सासरी तिला ‘अंडेवाली’ म्हणत. अंडी गोळा करायला बंदी घालणारा कायदा आल्यावर तिने अंडी आणणं सोडलं, नाव मात्र सुटलं नाही.

अडतीस वर्षांपूर्वी तिने संग्रहालयाला कळवलं होतं, की गावातल्या पाण्याच्या टाकीवर ससाण्याने घरटं केलंय आणि त्यातलं एक अंडं आपल्याकडे आहे. ससाणा इथे फक्त हिवाळ्यात येतो, अंडं घारीचं असेल, असं दोन ओळींचं उत्तर आलं. दिरांनी ते जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. पुढे महिन्याभराने त्याच घरट्याखाली हे मेलेलं पिल्लू सापडलं. तिने ते जपून ठेवलं. पत्र मात्र पुन्हा लिहिलं नाही.

“चोचीला खाच आहे,” अधिकारी म्हणाला. “घारीला नसते. बाई, तुमचंच बरोबर होतं.”

धाकटीने चष्मा काढला. स्वच्छच होता, तरी पुसला.

अधिकाऱ्याने नोंदवही उघडली. या भागात ससाण्याच्या घरट्याची ही पहिलीच नोंद, संग्राहकाचं नाव कायमचं राहील, असं म्हणून त्याने नाव विचारलं. तिने खिडकीपाशी बटणं शिवत बसलेल्या थोरल्या जावेचं नाव सांगितलं. आपल्याला शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच भोवळ येते, असं ती म्हणाली. टाकी असो की झाड, चढायची ती जाऊच. पण पक्षी ओळखला तुम्ही ना, असं अधिकाऱ्याने विचारलं.

“अंडं वर होतं,” धाकटी म्हणाली.

शेवटी दोघींची नावं लागली, आधी थोरलीचं. पक्ष्यांचं वेड तुम्हाला कधीपासून, असं अधिकाऱ्याने थोरलीला कौतुकाने विचारलं.

“मला? कावळा आणि कोंबडी सोडून मला काही ओळखू येत नाही.”

“मग चढायचात कशासाठी?”

धाकटीनेही मान वळवली. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलंच नव्हतं.

थोरलीने दातांनी दोरा तोडला.

“वरून आमचं घर एवढंसं दिसायचं,” ती म्हणाली, आणि चिमूट करून दाखवली.