अण्णांचे चौदा अंगठे

प्रणिताने अंगठ्याच्या मशीनची वायर तेराव्यांदा काढून परत लावली आणि सेवा केंद्रात चौदावे अण्णा आले. आता बोला! बाकावर सहाच मावत होते, म्हणून उरलेले झेरॉक्स मशीनला टेकून उभे राहिले. सगळ्यांच्या अंगात तोच चॉकलेटी स्वेटर, सगळ्यांचं वरचं बटण तुटलेलं.

खरं तर काम दोन मिनिटांचं. तिच्या वडिलांचा हयातीचा दाखला काढायचा होता आणि आज शेवटची तारीख. पाचच्या आत दाखला गेला नाही, तर कागदोपत्री अण्णा मेले. पण कालव्याच्या दारांची चाकं तीस वर्षं फिरवून अण्णांच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजलेल्या. मशीनला ठसा काही लागेना. मग तिने रोज गिऱ्हाइकांना सांगते तेच सांगितलं, अंगठा डोक्यावरच्या केसांना घासा. अण्णांनी घासला. तिने वायर काढली, लावली. पुन्हा घासला, पुन्हा काढली, लावली. कॉम्प्युटर दर वेळी नवे अण्णा आले असं धरून चालायचा आणि आधीच्यांना मात्र सोडायचा नाही.

एवढे अण्णा सांभाळता सांभाळता तो मेटाकुटीला आला होता. आतला पंखा भणभणत होता आणि पडद्यावर शंभर टक्क्यांचा आकडा हलायचं नाव घेत नव्हता. प्रत्येक नव्या अण्णांबरोबर सगळेच अण्णा संथ होत गेले. साडेचारला त्यांच्यातल्या एकाने "पाणी" म्हणायला तोंड उघडलं. शब्द पुरा व्हायला अख्खं मिनिट लागलं.

तिने मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"मॅडम, यादी उघडा," पलीकडचा म्हणाला. "जास्तीचे दिसतायत ना, ते बंद करा. खरे तेवढे ठेवा."

"अहो, खरे कोणते ते कसं कळणार?"

"वडील तुमचे आहेत, मॅडम."

"कॉम्प्युटरच बंद करून चालू केला तर?"

"मग सगळेच जातील."

प्रणिताला रडूच फुटलं. कसली मेली मुलगी मी, स्वतःचा बाप ओळखता येत नाही! तिने डोळे पुसले आणि बाकाकडे वळली.

"अण्णा, तुमच्यातले माझे अण्णा कोण?"

पहिले अण्णा फार सावकाश म्हणाले, "बाळा, मला बंद कर. यांना राहू दे." त्यांचं संपायच्या आत दुसऱ्यांनी तेच सुरू केलं, मग तिसऱ्यांनी, मग सगळ्यांनीच. शेवटी अण्णा ते अण्णाच. स्वतःसाठी हटून बसायला त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

पाचला सात मिनिटं उरली. तिने छातीवर दगड ठेवून यादीतली पहिली ओळ निवडली आणि क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. पडदा ढिम्म. माणूस वैतागला की करतो तसं ती क्लिक करतच सुटली, वीस वेळा तरी, हुंदके देत.

मग एक अण्णा गेले. थोड्या वेळाने दुसरे. पंख्याचा आवाज उतरू लागला. जितके कमी होत होते तितके उरलेले चटचट हलत होते, आणि अडकून पडलेल्या क्लिकही तितक्याच चटचट पुढे येत होत्या.

तेरावे गेले तेव्हा पाचला एक मिनिट कमी होतं. राहिलेल्या अण्णांनी अंगठा केसांना घासला आणि काचेवर टेकवला. हिरवा दिवा लागला.

"लागला की गं!" अण्णा खुदकन हसले. "उगाच घाबरलीस. चल, तुझी आई वाट बघत असेल."

प्रिंटर घरघरला. अण्णा हयात असल्याचा दाखला अर्धा बाहेर आला होता, गरम गरम. तिने पडद्याकडे पाहिलं. सहा-सात क्लिक अजून यायच्या होत्या.

तिने माउसची वायर हिसडा मारून उपटली. पडद्यावरचा बाण आपला आपण हलला आणि यादीत उरलेल्या एकुलत्या एका ओळीवर जाऊन थांबला.