किल्लीच्या आधीचा तास

ब्रेकबाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. किल्ली हातात मिळण्याआधी तासभर थिअरी. मग समोर निवृत्त मुख्याध्यापक असोत की हॉस्पिटलातली मोठी डॉक्टरीण, बाई त्यांना टेबलापाशी बसवायच्या, खेळण्यातली लाल मोटार पुढ्यात ठेवायच्या आणि सुरू व्हायच्या. ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे सरकते, टायर फुटला तर काय, माणूस आडवा आला तर काय. हाडं, टाके, कोर्टकचेऱ्या, काही म्हणजे काही वगळायच्या नाहीत. ऐकणाऱ्याची पाचावर धारण बसायची. "बाई, मला फक्त बाजारापर्यंत जायचंय हो," असं कुणी कुरकुरलंच तर बाई म्हणायच्या, "अपघात बाजाराच्या वाटेवरच होतात. ऐका."

शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. तो त्या इतक्या सढळपणे दाबत, की नाव आपोआपच पडलं.

अशा या बाईंची एका विषयात मात्र बोबडी वळायची, आणि तो विषय त्यांच्या घरातच राहत होता. सतरा वर्षांचा होता, कानात इयरफोन घालून फिरायचा, आणि त्याला बाई लाडाने ठमी म्हणायच्या.

मायलेकी शेजारी उभ्या राहिल्या की लोक बहिणी समजत. दुसरी एखादी खूश झाली असती. बाई लगेच दुरुस्ती करायच्या. जगभरच्या बायका वयातून चार वर्षं काढतात, बाई चार वर्षं घालायच्या. कुणी विचारलं की ठणकावून सांगायच्या, "अडतीस!" ठमीच्या वेळी दिवस गेले तेव्हा त्या शाळेत होत्या, हे ठमीला कळू नये म्हणून हा खटाटोप. ठमीचा बाप तेव्हा "शिकायला" म्हणून दुसऱ्या गावी गेला, तो अजून शिकतोच आहे.

इतकी वर्षं ही बेरीज टिकली. पण अलीकडे फाटकापाशी एक लांबोडका मुलगा दिसू लागला होता. ठमीच्याच वर्गातला. मान इतकी उंच, की बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव जिराफ ठेवून टाकलं. तो ठमीला फाटकापर्यंत सोडायचा आणि मग दोघं तिथेच अर्धा तास निरोप घेत राहायची.

ठमीशी बोलायला हवं, हे बाईंना दिसत होतं. पण पोरीला सावध करायचं म्हणजे स्वतःची गोष्ट सांगणं आलं. आणि ती सांगितली की पोरीच्या मनात पहिलं काय येणार? की आईला मी नको होते. या एका भीतीने बाई गप्प होत्या.

शाळेने मध्ये बरं मनावर घेतलं होतं. पालकांच्या सभेत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "डॉक्टर बोलावून मुलामुलींना या गोष्टी नीट समजावून सांगू." लगेच दोघा-तिघांचे चेहरे लालबुंद झाले. "नको त्या वयात नको ते!" बेत बारगळला. अनोळखी माणसाला फुटलेल्या कवटीचं वर्णन ऐकवणाऱ्या बाई त्या दिवशी तोंडात मूग गिळून बसल्या होत्या.

घरी मग त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. ठमी भांडी घासत होती.

"ठमे, तू आता मोठी झालीस."

"हो."

"मोठं झालं की... म्हणजे... माणसाने जपून..." बाईंच्या कानशिलांवर घाम आला. "भांडी जपून घासावीत. तो पेला फुटेल."

तर अशी सगळी परिस्थिती असताना रविवारी बाई ठमीला सरावाच्या मैदानावर घेऊन गेल्या. लायसन्सला अजून वेळ होता, पण कुंपणाच्या आत कोण विचारतो? लहानपणापासून मागच्या सीटवर वाढलेली पोर, तिला कसली आलीय थिअरी, असं म्हणून बाईंनी सरळ किल्ली दिली. ठमीने गाडी झकास सुरू केली, दुसरा गिअर टाकला आणि समोर बघत विचारलं,

"आई, पहिल्या वेळेला दिवस जात नाहीत, हे खरंय का?"

गाडी जागच्या जागी उभी राहिली. इंजिन बंद. ठमीचं नाक स्टिअरिंगपर्यंत जाऊन परत आलं.

"ब्रेक तू दाबलास," ठमी म्हणाली.

"कुणी... कुणाला... तुला का हवंय?"

"माझ्या एका मैत्रिणीला."

"कुठली मैत्रीण?"

ठमीने स्टिअरिंग सोडलं. मग म्हणाली, "आई, मीच गं. अजून काही झालं नाहीये. पण पुढच्या आठवड्यात सहल आहे, आणि सगळ्या मुली सांगतात की पहिल्या वेळेला काही होत नाही. आणि झालंच तर जिन्यावरून उड्या मारायच्या."

बाईंनी डोळे मिटले. तोच जिना! त्यांच्या मैत्रिणीच्या थोरल्या बहिणीने अगदी याच शब्दांत हे ज्ञान दिलं होतं, आणि ते पोरींच्या तोंडोतोंडी इतकी वर्षं फिरत त्यांच्याच गाडीत येऊन बसलं होतं. एकाही शहाण्या माणसाने त्याला वाटेत अडवलं नव्हतं. बाईंनीही नाही.

"उड्या मी मारल्यात," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "आमच्या इमारतीचा अख्खा जिना. गुडघा मुरगळला. तू ठणठणीत जन्मलीस."

ठमीने मान वळवली नाही. "मला माहितीय. मामा चाळीस वर्षांचा झाला ना परवा? तू त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेस. मला वजाबाकी येते, आई."

बाईंनी उगाचच सीटबेल्ट सोडला आणि परत लावला.

"परक्या माणसाला किल्ली देण्याआधी तू तासभर बसवून सगळं सांगतेस," ठमी म्हणाली. "मला कशाचाच तास दिला नाहीस. गाडीचा नाही आणि हाही नाही. मी नको होते का तुला? म्हणून बोलत नव्हतीस?"

जिची भीती इतकी वर्षं पोटात होती, ती गोष्ट बाई गप्प राहिल्यामुळेच झाली होती.

"तू हवी होतीस," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा तुला हातात घेतलं तेव्हापासून आजपर्यंत रोज हवी होतीस. पण ठमे, मला कुणी विचारलंच नव्हतं, कधी हवी, कुणाबरोबर हवी, हवी की नको. मला काही ठाऊकच नव्हतं, मग ठरवणार कशी? तुझं तू ठरवावंस. माहिती असून ठरवावंस. एवढंच."

मग बाई रडल्या आणि ठमीही रडली. गाडीतला कागदी रुमालांचा डबा नापास होणाऱ्यांसाठी ठेवलेला होता, तो कामी आला.

"चल ऑफिसात," बाई नाक पुसत म्हणाल्या. "किल्ली इकडे दे."

टेबलापाशी बसल्यावर बाईंनी सवयीने लाल मोटार पुढ्यात घेतली, तिच्याकडे बघितलं आणि खणात टाकली. "पहिली वेळ असो की पन्नासावी, दिवस जाऊ शकतात. हे पहिलं लिहून ठेव डोक्यात." मग पाळी, कंडोम, गोळ्या, रोग, डॉक्टरीण बाईंकडे कधी जायचं, आणि नको असेल तेव्हा नको कसं म्हणायचं. सुरुवातीला त्या छताशी बोलत होत्या. हळूहळू ठमीच्या डोळ्यांपर्यंत आल्या. "लाजतेयस काय? आणि असं पुन्हा पुन्हा 'ई' करू नकोस, परीक्षेत मार्क कापेन."

अर्ध्यावर आल्यावर ठमीने बोट वर केलं. "आई, अजून एक खुर्ची आहे?"

"कशाला?"

"तो मैदानाच्या फाटकापाशी उभा आहे. मला न्यायला आलाय."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. जिराफ ऊन चुकवत एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत होता. कान लाल, ओठावर मिसरूड फुटायच्या बेतात. आणि बाईंना अचानक ठमीचा बाप आठवला, या वयातला, असाच फाटकाशी उभा. त्याला त्यांनी इतकी वर्षं मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, त्यातली एकही त्यांना परत घ्यायची नव्हती. पण त्यालाही तेव्हा कुणी खुर्ची दिली नव्हती, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

ठमीने हाक मारली तसा जिराफ दारात वाकून आत आला. बाईंना बघून तो मागे वळला. पळायला जागा नव्हती, ठमीने दार लावून घेतलं होतं.

"बस," बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली. "जिन्याबद्दल तुला कुणी काय काय सांगितलंय, तिथून सुरुवात कर."