घड्याळाशेजारचा निळा ठिपका

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर मी बसते. नंबर देणं, फोन घेणं आणि रडक्या पेशंटची समजूत घालणं ही माझी कामं. रडक्यांत मोठी माणसंच जास्त असतात. माझ्या भाच्यानं आमच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. डॉक्टरबाईंनी आत बटण दाबलं की बाहेर स्पीकर बोलणार, "पुढचा पेशंट, आत या." भाच्याचं हे पहिलंच काम. बाई आठवडाभर वापरणार आणि पटला तरच ठेवणार, असं ठरलं होतं.

पहिल्या सकाळी मी आयकॉनवर डबल क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. स्क्रीन ढिम्म! मला वाटलं माझंच बोट चुकतंय, म्हणून करतच राहिले. तेवढ्यात बाईंनी आत बटण दाबलं आणि स्पीकरमधून अख्खी पलटण ओरडली, "पुढचा पुढचा पुढचा पेशंट पेशंट आत आत या!" बाकावरचे सगळे एकदम उठले. गाल सुजलेले एक आजोबा तर थेट रस्त्यावर. शेवटी मी भिंतीवरचा स्विचच बंद केला.

फोन केल्यावर भाचा धावत आला. "मावशी, तो पहिल्याच क्लिकला सुरू झाला होता, पुढच्या प्रत्येक क्लिकला आणखी एकेक सुरू झाला. स्क्रीनवर खाली कोपऱ्यात घड्याळाशेजारी निळा ठिपका आहे बघ."

"हा? मला वाटलं डाग आहे. मी पुसलासुद्धा!"

"अगं, तो मागे राहून काम करतो. उगाच मध्ये मध्ये येत नाही."

"मध्ये नको येऊ दे. पण आल्याचं सांगेल की नाही? चोरासारखा येऊन बसला तर मला कळणार कसं?"

त्यानं तोंड वाकडं केलं, पण संध्याकाळपर्यंत बसून बदल केला. दुसऱ्या दिवशी क्लिक करताच घड्याळावर छोटी चौकट वर आली: 'सुरू झालो. इथे खाली बसलोय.' मी मुद्दाम पुन्हा क्लिक केलं. 'आधीच सुरू आहे, मावशी.' मला इतका आनंद झाला की मी "बरं बाबा" म्हणून मोकळी झाले.

आठवडा संपला. भाचा इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर येऊन बसला. बाई दोनदा बाहेर आल्या, त्याच्याकडे बघून हसल्या आणि आत गेल्या. एक शब्द नाही. पोराचा जीव टांगणीला.

"मावशी, काही म्हणाल्या?"

"नाही रे."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता म्हणाल्या?"

शेवटी माझंच डोकं फिरलं. तरातरा आत गेले. "मॅडम, प्रोग्राम ठेवायचा की नाही?"

बाई हात धूत होत्या. "म्हणजे काय? ठेवलाच आहे की! येता-जाता तुमच्या स्क्रीनवर ती चौकट दिसली, तेव्हाच ठरवलं मी."

"मग सांगितलं नाहीत?"

"अहो ताई, रोज वापरतेय ना मी. त्याला कळत नाही का?"

मी कमरेवर हात ठेवले. "नाही कळत. कुणालाच कळत नाही."

बाईंनी नळ बंद केला. मग ओल्या हातांनीच दारात आल्या आणि भरल्या बाकासमोर मोठ्यांदा म्हणाल्या, "छान झालाय रे तुझा प्रोग्राम! आम्ही ठेवतोय तो."

भाचा उठला, बसला, परत उठला. एवढा मोठा घोडा, पण डोळे पुसायला माझाच रुमाल घेतला.

"मावशी, खरंच म्हणाल्या ना त्या?"

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "म्हणाल्या रे राजा, म्हणाल्या."