भिंतीपलीकडचा आकडा

दसऱ्याची सकाळ. सगळं महाड झेंडूच्या माळा बांधण्यात गुंतलेलं, आणि शरिफा मात्र एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, सांडपाण्याच्या टाकीच्या तोंडाशी उकिडवी बसून एका डबड्यावर डाफरत होती.

"चाल ना रे मेल्या! काल तर नुसता पळत होतास."

डबडं म्हणजे तिनं स्वतः बनवलेला रोबो. बुटाच्या खोक्याएवढा, दोन रबरी पट्ट्यांवर चालणारा. डोक्यावर कॅमेरा, दिवा आणि हवेतला ऑक्सिजन मोजणारा मीटर. ठिणगी उडू नये म्हणून मोटारी सीलबंद डब्यात घातलेल्या. शरिफा कारखान्यात मीटर-गेज सांभाळायची; डिप्लोमा झालेली, वय सव्वीस, आणि एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. घरी अम्मी म्हणायची, ही पोरगी भिंतीला डोकं लावून भिंतच सरकवेल.

आता भिंतीचाच तर प्रश्न होता. टाकी जमिनीखाली, चांगली लांबलचक. मधोमध आडवी भिंत आणि तिला तळाशी कमरेएवढी खिडकी. गाळ साचायचा तो नेमका भिंतीपलीकडे. मीटर दोरीला बांधून खाली सोडला की टाकीच्या तोंडाखालची हवा कळायची, पलीकडची नाही. पलीकडची हवा कशी आहे ते आत जाणाऱ्या माणसाच्या नाकाला कळणार, आणि ते सांगायला तो परत येईलच याचा काय भरवसा? दरवर्षी दसऱ्याला कारखाना बंद असला की हा माणूस आत उतरायचा. हैबती. पोलादपूरकडच्या एका वाडीतला, पन्नाशीचा, ठेकेदाराकडे कामाला. सकाळच्या एसटीत शरिफासाठी रुमाल टाकून जागा धरणारा.

गेल्या वर्षी वर आल्यावर तो अर्धा तास ओकत होता. "काय नाय गो, उन्हाचं झालं असंल," म्हणाला होता. ऊन कसलं डोंबलाचं! शरिफाला ते तेव्हाच पटलं नव्हतं, आणि तेव्हापासून तिनं रोबोचा ध्यास घेतला.

सुपरवायझर शेडगेसाहेबांशी ती तीन महिने भांडली. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "दसऱ्याला दहा वाजेपर्यंत तुझ्या डबड्यानं पलीकडचा आकडा दाखवला तर ठीक. नाही तर हैबती उतरेल, दरवर्षीसारखा."

आधी रोबोला वायर होती. ती पहिल्याच चाचणीत खिडकीच्या कडेला अडकली. मग शरिफानं मुंबईला जाऊन वायरलेस मॉड्यूल आणलं, काडेपेटीएवढं, वर बोटभर अँटेना. त्यानं तिला पंधरा दिवस रडवलं. पहिल्यांदा जोडलं तर लॅपटॉपवर नुसती चिन्हांची खिचडी. मॉड्यूल एका वेगानं बोलत होतं आणि रोबोतली सर्किटची पाटी दुसऱ्या वेगानं ऐकत होती. दोघांचा वेग एक केला. मग मोटारी सुरू झाल्या की मॉड्यूल झोपी जायचं, कारण मोटारी सगळी वीज एकदम ओढून घ्यायच्या. त्याला वेगळी बॅटरी दिली. भाऊ उझैर दुबईहून आला तेव्हा त्यानं आणलेला राउटर तिनं लांब वायरीनं टाकीच्या तोंडातून आत लोंबकळता ठेवायचं ठरवलं, म्हणजे भिंतीच्या खिडकीतून रेंज पलीकडे पोचेल. काल दुपारी रोबो अख्खं आवार पार करून कँटीनपर्यंत जाऊन आला होता, चित्र एकदाही तुटलं नव्हतं. शरिफा खुशीत घरी गेली होती.

आणि आज? दोरीला अडकवून रोबो खाली सोडला, चार फूट गेला आणि ठप्प. लॅपटॉपवर काळा पडदा.

सव्वानऊ झाले होते. हैबती कमरेला पट्टा बांधून ड्रमवर तयार बसला होता.

"दमानं घे गो," तो म्हणाला. "नाय झालं तर मी हायेच की."

"तुम्ही आहात म्हणूनच तर दम निघत नाही ना काका!"

तिनं रोबो वर ओढून घेतला. चॅनल बदललं. नेटवर्कचा पत्ता तपासला, संकेतशब्द पुन्हा भरला. बॅटरी मोजली, ती भरलेली. राउटरशेजारी ठेवला की गडी लगेच बोलायचा, खाली सोडला की गप्प. टाकीच्या भिंतीच रेंज खात असतील का? शेडगेसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "पाऊण तास आहे."

शरिफाला रडू येत होतं. पण रडायला वेळ कुठे होता? तिनं राउटर बाहेर काढला, रोबो उचलला आणि मोकळ्या आवारात एकेक पाऊल मोजत मागे जाऊ लागली. दुसऱ्याच पावलाला चित्र गेलं. इथे ना टाकी ना भिंत. म्हणजे खोट रोबोतच. कालपासून आजपर्यंत याच्यात बदललं तरी काय?

तिनं रोबोकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं.

काल संध्याकाळी खंडेनवमीची पूजा झाली होती. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू आणि हार. शरिफा गेल्यावर कुणीतरी रोबोलाही सजवलं होतं. पुढे कुंकवाची बोटं, गळ्यात झेंडू, आणि अँटेना खालपासून वरपर्यंत चंदेरी कागदात घट्ट गुंडाळलेली. अॅल्युमिनियमचा कागद, मालाच्या पिशव्यांतला. सकाळी तिला ते दिसलं होतं, पण दुसऱ्याच्या पूजेला आपण कसा हात लावायचा म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं होतं.

"काका, हे कुणी केलं?"

हैबती लाजला. "मीच. सगळ्या मशिनी नटल्या, आन् हा बिचारा उघडाबोडका. आन् ह्यो तर माझ्या बदली आत जानार. त्याला नको का काय?"

तिनं घड्याळ पाहिलं. दहाला दहा मिनिटं कमी होती.

"काका, तो कागद काढायला हवा. त्याच्यामुळे त्याला ऐकू येत नाहीये. कानाला लोखंडी पत्रा बांधून तुम्हाला कुणी हाक मारली तर?"

हैबतीचा चेहरा उतरला. "पूजा मोडायची? आत जायच्या टायमाला?"

"झालं का?" शेडगेसाहेब जवळ आले. "कागदावर खापर कसलं फोडतेस? हैबती, चल, उतर."

हैबती उठला. शरिफानं पुढे होऊन टाकीच्या तोंडावर झाकण ओढलं आणि त्यावर दोन्ही पाय रोवून उभी राहिली.

"दहा म्हणालात ना साहेब? अजून दहा वाजले नाहीत. तोवर मी हलणार नाही. नोकरी घ्यायची तर घ्या." ती हैबतीकडे वळली. "काका, मी हात लावत नाही. तुम्ही बांधलंय, तुम्हीच सोडा. कुंकू राहू दे, हार राहू दे. फक्त तो कागद."

हैबतीनं तिच्याकडे पाहिलं, रोबोकडे पाहिलं. मग खाली बसून त्यानं रोबोला हात जोडले, कागद हळूहळू उलगडला आणि घडी करून खिशात ठेवला.

पडद्यावर चित्र उजळलं.

झाकण सरकवून राउटर पुन्हा आत सोडला. रोबो तळाला टेकला, शरिफानं वरून झटका देऊन दोरीचा हूक सोडवला आणि बटण दाबलं. टाकीच्या तोंडाखाली ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ टक्के. चांगली हवा. शेडगेसाहेब म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?"

तिनं रोबो पुढे हाकला. रोबो खिडकीशी पोचला, खरडत आत गेला. चित्र थरथरलं, पण टिकलं. काळा गाळ, ओली भिंत. आकडा उतरू लागला. अठरा. चौदा. अकरा. आठावर येऊन थांबला.

शेडगेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "टाकी बंद करा. पंखे मागवतो. मीटरनं हो म्हटल्याशिवाय कुणी आत जायचं नाही." आणि फोन लावत ऑफिसकडे निघून गेले.

"आठ म्हंजे काय गो?" हैबतीनं विचारलं.

"म्हणजे तिथे पोचल्यावर काही मिनिटांचा खेळ, काका. ओरडायलासुद्धा सुचलं नसतं."

हैबती पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझ्या बायकोला, ठकूला, यातलं काय सांगू नको हां, बाय. तिला वाटतं मी वर दोरी धरायला असतो. अकरा वर्सं तेच सांगत आलोय."

शरिफानं लॅपटॉपचा पडदा त्याच्यासमोरून वळवला.

"मग आता ते खरं झालं, काका," ती म्हणाली.

तो पट्टा सोडायला लागला, पण बोटांना बक्कल सापडेना. तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला आणि वाकून ते सोडवून दिलं.