येतानाचं गाठोडं

लंडनला कोणत्या ऋतूत जावं, असं भिसेगावात कुणी विचारलं की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. थट्टेनं पाठवतात. मी लंडन पाहिलेलं नाही. पण तिथं कधी जावं याचा विचार मी वर्षभर केला, तेवढा इथं दुसऱ्या कुणी केला नसेल.

मी कर्जतला रेल्वेच्या एका साहेबाकडे कामाला होतो. घाटात काम चालू असताना त्याच्या पायावर रूळ पडला होता. हाड सांधलं, पण पाय धड झाला नाही. रोज तेल लावून मी तो चोळायचो. साहेबाला रजेवर लंडनला जायचं होतं नि मला बरोबर न्यायचं होतं, कारण आगबोटीवर पाय कोण चोळणार?

साहेब म्हणाला, लंडन बघायचं तर तुमच्या जेठात. ऊन कोवळं असतं, बागा फुललेल्या असतात, रात्रीच्या जेवणालाही बाहेर उजेड असतो. म्हणजे इथून वैशाखात निघायचं, पाऊस लागायच्या आत. आषाढात समुद्र खवळतो. दिवाळीनंतर जावं तर तिकडे धूर नि धुकं, शेजारचा माणूस दिसत नाही.

हे मी घरी येऊन गोदूला सांगितलं. गोदू माझी बायको. मला वाटलं, रडेल. ती हिशोबाला बसली.

"तिथं पाऊस कधी असतो?"

"साहेब म्हणतो, बाराही महिने. थोडा थोडा."

"मग तिथल्या बायका वाळवण कधी घालतात?"

हे मी साहेबाला विचारलं. तो खूप हसला. गोदूला त्या बायकांची दया आली.

"तर मग वैशाखच बरा," ती म्हणाली. "चैत्रात माझं वाळवण होईल. ते घेऊन जा."

वाळवणाचा प्रश्न साधा नव्हता. समुद्र ओलांडायचा म्हणजे भावकी वाळीत टाकणार, ही भीती होती. विठूतात्या आमच्या भावकीतला मोठा. त्यानं चार माणसांत मला विचारलं, "बोटीवरच्या भटारखान्यातलं तोंडात घालशील काय रं?"

"नाय, तात्या."

"घरच्या बाईच्या हातचंच खाशील?"

"तेच खाईन."

"मग जा. आमी काय बोलणार नाय."

म्हणजे माझं लंडन गोदूच्या हातावर ठरलं. चैत्रभर तिनं अंगणात तांदळाचे पापड घातले, सुकट वाळवली, तांदूळ भाजून दळले, गूळ घेतला, तिखट कुटलं. मग दोन गाठोडी बांधली. एक धोतराच्या फडक्यात, दुसरं तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात.

"हे जातानाचं. नि हे हिरवं येतानाचं."

"एकातच बांध की."

"एकात बांधलं तर जातानाच सगळं फस्त कराल. मग येणार कसे?"

"येतानाचं मोठं का गं?"

"येताना भूक जास्त लागते. घर जवळ येतं ना." मग हसून म्हणाली, "नि एखाद्या मडमेनं ठेवून घेतलं तर? गाठोडं बघून तरी याद येईल."

"मला कोण मडम ठेवील?"

"पाय चोळायला ठेवील की!"

वैशाखात गावात पटकी आली. मी साहेबाच्या बंगल्यावर होतो तेव्हा गोदूला उलट्या सुरू झाल्या. मी घरी पोचलो तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. रात्रीत ती गेली, सकाळी उल्हास नदीच्या काठी तिला अग्नी दिला. आम्हाला मूल नव्हतं. घरात मी नि ती दोन गाठोडी राहिलो.

काठी टेकत साहेब दारात आला. त्यानं आपली रजा पुढं ढकलली होती. म्हणाला, यंदा नको, पुढच्या वैशाखात जाऊ.

मी म्हणालो, "आताच जाऊ, साहेब."

तो म्हणाला, समुद्र खवळायला लागला असेल.

"मग दसऱ्यानंतर जाऊ."

तो म्हणाला, धुकं असेल, तुला काही दिसणार नाही.

"मला काय बघायचं नाय, साहेब."

पुढचा वैशाख, असं म्हणून तो गेला.

पावसाळा आला. आमच्याकडे पावसात लाकडालाही बुरशी चढते. ती गाठोडी मी चुलीवरच्या माळ्यावर ठेवली नि खाली विस्तव विझू दिला नाही. स्वयंपाक मात्र धड करत नव्हतो. शुक्रा माझा मित्र, रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. तो येऊन बसायचा नि म्हणायचा, "भिवाजी, माणूस उपाशी नि चूल जेवते! तू दिवाळीनंतरच लंडनला जा. धूर खायची सवय तुला इथंच झाली." मी हसायचो. त्याला बरं वाटावं म्हणून हसायचो.

दुसरा चैत्र आला. माझी थोरली बहीण अंबूबाई कशेळ्याहून चालत आली. तीही एकटीच, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिनं माळ्यावर नजर टाकली.

"वर्षाचं जुनं घेऊन बोटीवर बसशील होय रं? मी ताजं करून देते. मीबी घरचीच हाय, तात्या काय बोलायचा नाय."

तिनं पीठ उकडलं नि अंगणात पापड लाटायला बसली. मी सावलीत बसून ते बघत होतो. तिच्या हाताला गोदूसारखा वेग नव्हता, पण पापड गोल होत होता.

"किती करू रं? जातानाचं नि येतानाचं, दोनी?"

"जातानाचंच कर, बाय."

"नि येताना काय खाशील?"

"येताना बघू."

"काय बघू?"

तिनं लाटणं थांबवलं.

"भिवा, तुला यायचंच नाय."

मी नाही म्हटलं नाही. तिकडे राहून काय करणार होतो, ते मलाही माहीत नव्हतं. फक्त या घराकडे परत चालत येण्याची वाट मला दिसत नव्हती. निघण्याची दिसत होती.

अंबूबाईनं लाटलेला पापड उचलून परातीत टाकला नि सगळं पीठ परत एकत्र मळलं.

"मग मी नाय करत."

"अगं बाय, साहेब खोळंबलाय. त्याला काय सांगू?"

"सांग, बहिणीनं वाळवण केलं नाय."

मी साहेबाला तेच सांगितलं, शब्दाला शब्द. तो म्हणाला, बोटीवर खायला पुष्कळ मिळतं. मी म्हणालो, मी ते खाणार नाही असं कबूल केलंय. तो म्हणाला, भिवाजी, याहून चांगला ऋतू मिळायचा नाही. मी म्हणालो, "होय, साहेब."

वैशाखात साहेब एकटाच निघाला. कर्जतच्या फलाटावर बाकावर बसवून मी त्याचा पाय शेवटचा चोळला. गाडी मुंबईकडे गेली. तेलकट हात घेऊन मी उन्हातून चालत घरी आलो. अंबूबाई अजून कशेळ्याला गेली नव्हती. उंबऱ्यात बसून वाट बघत होती.

"आलास?"

"आलो."

ती माळ्याकडे बघत राहिली. मी हात धुऊन वर चढलो नि हिरवं गाठोडं खाली घेतलं. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली. गुळाला पाणी सुटलं होतं. पिठात किडे झाले होते, ते बहिणीनं चाळायला घेतलं. पापड मात्र चांगले होते. एक मी विस्तवावर भाजला नि उभ्यानंच खाल्ला.

"खवट लागतो का रं?"

"नाय. मीठ जास्त हाय."

"तिचा हातच खारट होता," अंबूबाई म्हणाली. "अजून भाजू?"

"भाज," मी म्हणालो. "भूक लागलीय."